मोहाखालची जळकी जमीन

३ एप्रिल. जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये एका हार्डवेअरच्या दुकानासमोर मी जीपच्या टपावर उभी राहून लोखंडी खांब दोरीने बांधत होते. वारा मोजायच्या यंत्राचा खांब. त्याचा क्लॅम्प रेल्वेत कुठेतरी पडला होता. नवा घेताना दुकानदाराने तीनदा विचारलं, टीव्हीच्या छत्रीसाठी हवाय का. खाली वन विभागाचे रेंजर दुबेजी टोपीने वारा घेत उभे होते.

"मॅडम, अब उतर आइए. लोग समझ रहे हैं चुनाव का झंडा लग रहा है."

"समझने दीजिए. गाँठ ढीली रह गई तो यही झंडा किसी के सिर पर गिरेगा."

गाठ पक्की बसली, पण खांब गाडीपेक्षा हातभर लांब होता हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. पहिल्याच वळणावर त्याचं टोक एका कोचिंग क्लासच्या कापडी फलकात अडकलं आणि गुणवत्ता यादीत आलेली एक हसरी मुलगी फाटक्या फलकासकट आमच्यामागे निघाली. क्लासचे मालक धावत आले. वर्दी बघून त्यांनी शिव्या गिळल्या आणि "काय बड्डे, दिन में नहीं दिखता?" एवढंच ड्रायव्हरला सुनावलं. बड्डे म्हणजे इथलं 'दादा'. फलक परत बांधून द्यायला मीच पुन्हा टपावर चढले.

मी पुण्यात एका लहान संस्थेत काम करते. जमिनीचा चढउतार, त्यावरचं गवत आणि पाचोळा, आणि हवामानाचे आकडे असं सगळं संगणकात घालायचं आणि वणवा लागला तर तो कुठून कुठे, किती वेगाने जाईल हे आधीच मांडून पाहायचं, हे आमचं काम. जबलपूरहून कुंडमकडे जाताना सागाचं आणि मिश्र झाडांचं जंगल लागतं. तिथल्या एका भागात पुढच्या वर्षी जाळरेषा कुठे काढायच्या हे ठरवायचं होतं. जाळरेषा म्हणजे वणवा अडावा म्हणून आधीच साफ करून, जाळून ठेवलेला पट्टा. ऐन हंगामात जाऊन मॉडेल तपासायचं आणि परत यायचं, असा बेत होता.

खमरिया

उतरले होते मामेबहिणीकडे. शोभाताईचे यजमान आयुध निर्माणीत नोकरीला आहेत. खमरियाच्या वसाहतीत त्यांचं क्वार्टर आहे, पुढे पेरूचं झाड, मागे सायकली आणि स्कूटर. तिचं माहेर वर्ध्याकडचं. लग्न होऊन इथे आल्याला तीस वर्षं होतील, पण मराठी अजून वर्ध्याचीच आहे, फक्त मधे मधे हिंदीचे खडे लागतात. तिचा मुलगा सगळं मराठी समजतो आणि उत्तर हिंदीतून देतो. माय मराठीतून रागावते, लेक हिंदीतून कबूल होतो. कोणालाच त्यात वावगं वाटत नाही.

"काहून आली वं तू अशा उन्हाची?" मी दारात पाय ठेवल्या ठेवल्या ताई म्हणाली. "आमच्याकडची माणसं या दिवसांत दुपारी घराबाहेर नाही पडत, अन् तू आग पाहाले जंगलात जाऊन राहिली!"

"आग पाहायला नाही. आग लागायच्या आधी काय होईल ते पाहायला."

"अच्छा. म्हणजे ज्योतिषी झाली."

पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारतात आणि पाहुणा नको म्हणाला तर ते खरं मानतात. इथे विचारत नाहीत. पाटवडीचा झणझणीत रस्सा समोर आला, मग भात, मग भाऊजींनी बाजारातून आणलेली खव्याची जिलबी. काळपट, जड आणि तुपात निथळणारी. मला एक पुरली. दुसरी ताईने वाढली आणि तिसरी भाऊजींनी, कारण ताईने वाढली म्हणजे ती त्यांच्याकडून झाली नाही. जेवताना भाऊजींनी सांगितलं की दोन दिवसांत लू सुटणार. लू म्हणजे पश्चिमेकडून येणारा कोरडा, तापलेला वारा. माझ्या आकड्यांतही तो होताच.

४ एप्रिल, डुंगरिया

शहर सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची शेतं लागतात. धसकटं पेटवून द्यायची इथे सवय आहे. बंदी आहे, तरी जागोजागी काळे पट्टे दिसत होते. मग चढ सुरू होतो आणि साग येतो. एप्रिलमधला साग म्हणजे नुसत्या काठ्या. त्याची सगळी पानं खाली, घोट्याच्या वर येतील इतकी. चालताना पापड मोडल्यासारखा आवाज येतो.

डुंगरियाच्या वनचौकीसमोर आम्ही खांब उभा केला. चौकी रस्त्याला लागून आहे. तिच्या पलीकडे एक नाला पश्चिमेकडून पूर्वेकडे वर चढत जातो, अरुंद, घाणेरीच्या झुडपांनी आणि वाळक्या गवताने ठासून भरलेला. नाल्याच्या पलीकडच्या टेकडीवर मोहाची झाडं. झाडं सरकारी जंगलातली, पण कोणतं झाड कोणत्या घराचं हे गावात ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखाली हंगामात कोणी वाकत नाही. फुलं पहाटेपासून गळतात आणि बायका सकाळभर ती वेचतात. घरी जायची वाट खाली उतरून नाला ओलांडून रस्त्याला लागते.

मोहाची फुलं पाचोळ्यात पडली तर सापडत नाहीत. म्हणून झाडाखालचा पाला गोल जाळून जमीन साफ करतात. बहुतेक वेळा ती आग तिथेच विझते. कधी विझत नाही, आणि मग डोंगर जातो. त्यामुळे वन विभागाने यंदा कडक बंदी केली होती. ज्याच्या झाडाखाली जळकी जमीन सापडेल त्याला दंड. दुबेजी रोज हातातल्या भोंग्यातून ही दवंडी द्यायचे. भोंगा वाजला की टेकडीवरच्या बायका झाडांखालून उठून भलतीकडेच जाऊन उभ्या राहायच्या, म्हणजे कोणतं झाड कोणाचं हे कळू नये.

दुपारपूर्वी आम्ही टेकडी चढलो. सुकवती नावाच्या बाईने मला भाजलेल्या मोहाचा आणि तिळाचा लाडू दिला. तो गोड असतो आणि मागाहून जिभेवर धुरकट चव राहते. ती पन्नाशीची असावी, आवाज खणखणीत. तिच्या झाडाखाली अंगणासारखी काळी, स्वच्छ जमीन होती.

"ये किसने जलाया, बाई?" दुबेजींनी विचारलं.

"भगवान जाने, साहब. हम तो अभी आए."

"और ये पेड़ किसका है?"

"सरकार का," सुकवती म्हणाली, आणि सगळ्या बायका पदर तोंडावर धरून हसल्या.

पलीकडच्या झाडाखाली तिची धाकटी जाऊ फूलमती होती. तिशीची, हडकुळी, हिरव्या साडीतली. तिने बंदी पाळली होती. एकटीने खराट्याने पाला लोटून त्याचे ढीग झाडाभोवती रचले होते आणि मधल्या तुकड्यात फुलं वेचत होती. इतरांच्या मानाने तिची टोपली अर्धीच भरलेली. "देखो, इसको कहते हैं समझदारी," दुबेजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. सुकवतीने दुसरीकडे पाहिलं. फूलमती खाली मान घालून वेचत राहिली. तिला ती शाबासकी नको होती हे स्पष्ट दिसत होतं.

मला त्या दिवशी या सगळ्यातलं एकच टिपून ठेवावंसं वाटलं. माझा जमिनीचा नकाशा पावसाळ्यानंतरच्या छायाचित्रावरून केला होता, कारण तेव्हा आकाश निवळ असतं. त्यात ही काळी वर्तुळं नव्हतीच. माझ्या संगणकाच्या लेखी अख्खी टेकडी सारखीच पेटणारी होती.

संध्याकाळी चौकीत मी गेल्या वर्षीच्या एका वणव्याची आकडेवारी घालून मॉडेल चालवलं. संगणकाने दाखवलेली आगीची कड आणि प्रत्यक्ष जळलेली कड जवळपास जुळली. दुबेजींनी पडद्याकडे पाहत हात जोडले. "मॅडम, ये तो पंडित है." मीही खूश झाले. इथेच सावध व्हायला हवं होतं.

५ एप्रिल

सकाळी शोभाताईकडे पोहे होत होते आणि मी तिच्या जेवणाच्या टेबलावर त्या दिवसाच्या हवामानाची फाइल उतरवत होते. डुंगरियाला नेट मिळत नाही. बाहेर जीपचा हॉर्न वाजला, ताईने पोह्यांवर शेव घातली, मी फाइल मॉडेलला जोडली, लॅपटॉप मिटला आणि निघाले.

मोबाइलवर उपग्रहाच्या इशाऱ्याचा एसएमएस आला तेव्हा दुपार झाली होती. त्याची गरज नव्हती. पश्चिमेला, नाल्याच्या तोंडाशी, जिथे शेतं जंगलाला भिडतात, तिथे धूर दिसतच होता. कोणीतरी धसकटं पेटवली होती. टेकडीवर अजून पंधरा-वीस बायका होत्या. हंगाम संपत आल्यामुळे त्या उशिरापर्यंत थांबल्या होत्या.

दुबेजींनी आधी आपली माणसं पाठवली, मग माझ्याकडे वळले. "मॅडम, बताइए. कितना टाइम है?"

मी मॉडेल चालवलं. वारा पडत चाललेला, आग नाल्यात रेंगाळणारी. अंधार पडेपर्यंत ती वाटेपाशी पोचणार नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी भोंगा उचलला.

"सब लोग नीचे आओ! नाले के रास्ते से! जल्दी नहीं, आराम से आओ!"

टेकडीवर हालचाल झाली. एक हिरवी साडी लगेच वाटेला लागली. बाकीच्या टोपल्या बांधत होत्या, फुलं सोडून यायला कोण तयार होणार? मी पाणी प्यायला वळले आणि खांबावरच्या यंत्राचे पंखे दिसले. ते वेडे झाल्यासारखे फिरत होते. चौकीचा पत्रा वाजायला लागला. पडद्यावर वारा शमत होता आणि माझ्या केसांत पाचोळा येऊन अडकत होता.

मी फाइल उघडली. हवामानाचे आकडे ग्रीनिचच्या वेळेत येतात. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ होते. पुण्याच्या ऑफिसात ही बेरीज यंत्रच करतं, प्रवासाच्या लॅपटॉपवर हाताने करावी लागते. ती मी केली नव्हती. आदल्या दिवशी चालवलेली फाइल गेल्या वर्षीची होती, आधीच दुरुस्त केलेली, म्हणून ती जुळली. आज मी भर दुपारच्या आगीला संध्याकाळचा वारा लावला होता. खरी लू आता कुठे सुरू होत होती, आणि तो अरुंद नाला तिला वर ओढून घेणार होता, चुलीचा धूर धुराड्यातून ओढला जावा तसा. आणि बायकांना आम्ही त्याच नाल्यात बोलावलं होतं.

"दुबेजी, रोकिए उनको. नाले में मत आने दीजिए."

"अभी तो आपने ही कहा..."

"मैंने गलत कहा. हवा का टाइम गलत डाला था. आग अभी चढ़ेगी, इसी नाले से."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता, हिशेब होता. ही बाई आत्ता चुकली की मघाशी? मी लॅपटॉप मिटला.

"मशीन को छोड़िए. हवा देखिए."

त्यांनी पाहिलं. खाली घाणेरीचं एक जाळं एकदम पेटलं. हळूहळू नाही, फटाका फुटावा तसं.

"ऊपर भी तो पत्ता है," ते म्हणाले. "ऊपर रोकूँ तो वहीं जलेंगी."

"पेड़ों के नीचे पत्ता नहीं है. जहाँ जला हुआ है वहाँ दुबारा क्या जलेगा? सबको जली ज़मीन पर खड़ा कीजिए, बीचोंबीच. मुँह पर गीला कपड़ा. आग आजूबाजू से निकल जाएगी."

"आग के बीच में खड़े रहो, ये बोलूँ मैं?"

"हओ," मी म्हटलं, इथली माणसं 'हो' म्हणतात तसं. मला दुसरा शब्द सुचला नाही.

त्यांनी भोंगा उचलला. "रुको! नीचे मत आओ! अपने-अपने पेड़ के नीचे जाओ! जली हुई जगह पर खड़े हो जाओ!"

आणि टेकडीवरच्या सगळ्या बायका झाडांपासून दूर झाल्या.

आधी मला कळेचना. मग दुबेजींचा फोन वाजला. सुकवती होती. त्यांनी स्पीकर लावला.

"वाह साहब! आग लगी है और आपको जुर्माने की पड़ी है? अपने पेड़ के नीचे खड़े हो जाएँ, आप नाम लिख लो?"

"अरे बाई, जान की बात कर रहा हूँ!"

"रोज़ इसी भोंपू से जुर्माने की बात करते हो. आज कैसे मान लें?"

नाल्यातून आगीचा आवाज यायला लागला होता. रेल्वे पुलावरून जाते तसा. दोन बायका वाटेने खाली धावत निघाल्या.

"नहीं लूँगा जुर्माना," दुबेजी म्हणाले.

"कसम खाओ."

त्यांनी एकदा मागे चौकीकडे पाहिलं. भिंतीवर बंदीचा हुकूम लावलेला होता. "खाता हूँ."

"किसकी?"

"नर्मदा मैया की. जिसकी भी जली ज़मीन हो, एक पैसा नहीं लूँगा, किसी का नाम नहीं लिखूँगा. अब खड़ी हो जा, मेरी माँ!"

फोन बंद झाला. सुकवतीचा आवाज आता फोनशिवाय ऐकू आला, नाला ओलांडून. ती त्यांच्या गोंडी भाषेत ओरडत होती. धावणाऱ्या दोघी वळल्या. एकेका झाडाखाली माणसं गोळा झाली, कुठे दोन, कुठे चार. मग धूर आला आणि टेकडी दिसेनाशी झाली.

त्यानंतर आम्हाला करण्यासारखं काही नव्हतं. वनरक्षक रस्त्याच्या कडेचा पाला यंत्राने उडवून पट्टा मोकळा करत होते, आग इकडे उडू नये म्हणून. मीही खराटा घेतला. हातांना काम हवं होतं. ज्वाळा नाल्यातून वर गेल्या, वाट गिळली, मग टेकडीच्या पाचोळ्याला लागल्या. तिथे त्या बुटक्या होत्या, गुडघाभर, पण भराभर चालत होत्या. दुबेजी भोंगा हातात धरून उभे होते. मी मनात आकडे मांडायचा प्रयत्न केला. जमला नाही.

धूर विरळ झाला तेव्हा पहिल्यांदा खोकला ऐकू आला. मग दुसरा. मग सुकवतीची शिवी, जी मी इथे लिहीत नाही. मी इतक्या आनंदाने कोणाची शिवी ऐकलेली नाही.

आम्ही ओल्या गोणपाटांवर पाय देत वर गेलो. बायका काजळीने माखलेल्या होत्या. डोळे लाल, एकीची पापणी करपलेली, दोघींचे पदर जळके. काळी वर्तुळं जशीच्या तशी होती, त्यांच्या कडेपर्यंत येऊन आग वळून गेली होती. सुकवती एकेकीला हात लावून नाव घेत होती. ती थांबली.

"फूलमती कहाँ है?"

कोणाला माहीत नव्हतं. मला होतं. हिरवी साडी. भोंग्यातून पहिला हुकूम आला तेव्हा लगेच निघालेली ती एकटी. दुसरा हुकूम तिने ऐकला असता तरी ती कुठे उभी राहणार होती? तिच्या झाडाखाली जळकी जमीन नव्हतीच. पाल्याचे ढीग होते. आधी बंदी, मग पहिला हुकूम, दोन्ही वेळा तिने आमचं ऐकलं होतं.

ती सापडली नाल्याच्या वरच्या अंगाला, दोन कातळांमधल्या फटीत. आग समोर दिसताच ती वाट सोडून दगडांवर चढली होती. दगड तापले तरी तिथून हलली नाही. तळपाय आणि पिंढऱ्या भाजल्या होत्या. शुद्धीवर होती. टोपली पाठीशी धरलेली.

"साहब," ती दुबेजींना म्हणाली, "हमने तो नहीं जलाया था."

"हओ बिटिया," ते म्हणाले. त्यांनी आणि वनरक्षकाने तिला उचललं. मी जीपची मागची सीट पाडून चादर अंथरली, तिच्या पायांवर स्वच्छ पाणी ओतत राहिले आणि जबलपूरच्या दवाखान्यापर्यंत तशीच बसून आले. रस्ता वाईट आहे. प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट आवळायची, आवाज मात्र काढत नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं, पाय वाचतील. चालायला काही आठवडे लागतील, खुणा राहतील. मी तिला सांगितलं की पहिला हुकूम माझ्या चुकीमुळे दिला गेला. साहेबांची चूक नव्हती.

"तो कल महुआ कौन बीनेगा?" तिने विचारलं. माझ्या कबुलीचं तिला काही करायचं नव्हतं. तिला तिच्या झाडाची काळजी होती. शेवटच्या आठवड्याची फुलं होती ती.

शोभाताई डबा घेऊन दवाखान्यात आली. माझ्या अंगाचा धुराचा वास घेतला, माझे हात उलटेपालटे करून पाहिले. "कायच्या भरवशावर गेली होती वं तू?" तिने विचारलं. मी म्हटलं, घरी सांगते. ती फूलमतीजवळ बसून तिला वरणभात भरवत राहिली. दोघींना एकमेकींची भाषा निम्मीच कळत होती. ताईने तिची वेणीही घालून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी

उजाडायच्या आत भाऊजींच्या स्कूटरवरून डुंगरियाला गेले. पुण्याला मी आधीच कळवलं होतं, मॉडेलचं कालचं उत्तर चुकीचं होतं आणि चूक माझी होती. पुढचा अहवाल त्यावरूनच सुरू होईल. दुबेजी चौकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. "ऊपर आप जाइए," ते म्हणाले. "मैं नहीं आऊँगा. मैं आया तो वो फिर पेड़ छोड़ देंगी."

टेकडीवर बायका वेचायला आल्या होत्या. लाकडं अजून धुमसत होती, तरी आल्या होत्या. फूलमतीच्या झाडाखाली कोणी नव्हतं. फुलं मात्र पडली होती, नेहमीपेक्षा कमी, काही उष्णतेने करपलेली. तिथले पाल्याचे ढीग जळून गेले होते. तिच्या झाडाखालची जमीनही आता इतरांसारखीच काळी आणि मोकळी झाली होती.

"तुम क्यों नहीं बीनतीं?" मी सुकवतीला विचारलं.

"हम बीनेंगे तो अगले साल हिस्सा हो जाएगा. आज बीना, कल पेड़ हमारा. ऐसे ही तो झगड़े होते हैं." तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्हारा कोई पेड़ नहीं इधर. तुम बीन लो. तुम्हारे बीनने से किसी का हक नहीं बनता."

"मला येत नाही," मी मराठीतच म्हटलं. तिला कळलं असावं, कारण तिने आपली एक रिकामी टोपली माझ्याकडे भिरकावली.

कंबर मोडते. राख नखांत जाते. फूल चिमटीत जोराने धरलं तर फुटतं आणि रस चिकटतो, म्हणून ते उचलायचं नाही, खालून बोट घालून सुटं करायचं. माझी टोपली इतरांच्या मानाने फार सावकाश भरत होती. सुकवती मधेच आपल्या झाडाखालून ओरडली, "पुणे वाली, कोने में छूट गए!" मी मागे सरकले आणि कोपऱ्यातली वेचली.

ऊन चढेपर्यंत झाड रिकामं झालं. मी टोपली फूलमतीच्या ओसरीवर नेली, फुलं गोणपाटावर पातळ पसरली, कोंबड्या येऊ नयेत म्हणून कडेने काटक्या लावल्या आणि दवाखान्यात जायला निघाले.